तारेच्या शेवटच्या टोकाला

इतिहासाच्या व्याख्यानात ब्रॉडबँड इंटरनेट कोठून आले, असा प्रश्न आमच्या श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आल्यावाचून राहणार नाही. इतिहास म्हटला की गड, खलिते, तह आणि लढाया यांची आपल्या कानांस सवय झालेली असते. परंतु खलिता तरी काय आहे? एका ठिकाणची वार्ता दुसऱ्या ठिकाणी नेण्याचे ते साधन होय. आणि ते साधन कोणाच्या हाती आहे यावर राज्यांचे व बाजारांचेही भवितव्य पुष्कळ वेळा ठरत आले आहे. राज्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेचा तंतू नेण्याचे जे काम गेली काही वर्षे चालू आहे, त्यामुळे खेड्यांची सांपत्तिक स्थिती सुधारेल असे आपणांस सांगण्यात येते. या सांगण्यात तथ्य किती, हे नुसत्या आजच्या आकड्यांवरून कळणार नाही. या देशात अशी तार ओढण्याचा हा पहिलाच प्रसंग नव्हे. मागल्या तारांनी कोणाचे काय केले हे आधी पाहावे, आणि मग नव्या तंतूकडे वळावे, असा आमचा विचार आहे.

प्रारंभ तारेच्याही आधीपासून करू. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला, त्या वेळी नानासाहेब पेशवे सैन्य घेऊन उत्तरेच्या वाटेवर होते. त्या अनर्थाची वार्ता त्यांस प्रथम कळली ती एका सावकाराच्या पत्रावरून, ही हकीकत प्रसिद्धच आहे. मोत्ये आणि मोहरा यांच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले ते पत्र एका पेढीकडून दुसऱ्या पेढीस चालले होते. पेशव्यांपाशी जासुदांच्या जोड्या होत्या, डाकेची व्यवस्था होती. तरी सावकाराचा माणूस पुढे निघाला. त्याचा पैसा उत्तरेत गुंतलेला होता, आणि त्या पैशाचे काय झाले हे जाणून घेण्याची त्याला दरबाराहून अधिक निकड होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचेच प्रत्यंतर वारंवार येणार आहे.

हिंदुस्थानात विजेच्या तारेचा पहिला खटाटोप विल्यम ओ'शॉनेसी या गृहस्थाने केला. हा पेशाने डॉक्टर, आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारा. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार सुरू झाली. डलहौसीच्या पाठबळावर काम असे झपाट्याने पुढे गेले की १८५४ साल संपण्यापूर्वी कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. आरंभी बांबूंच्या खांबांवर जाड लोखंडी सळया टांगल्या होत्या. खांबांना वाळवी लागे, पावसाळ्यात नद्या ते वाहून नेत, माकडे तारांवर झोके घेत. १८५५ च्या फेब्रुवारीत ही तार सर्वसामान्यांस खुली झाली. म्हणजे ज्याच्यापाशी पैसे असतील त्यास. चारशे मैलांच्या आत सोळा शब्द पाठविण्यास एक रुपया पडे, आणि त्या काळी मजुराला रुपया मिळविण्यास कित्येक दिवस राबावे लागे. १८५७ साली सरकारला या तारेचा किती उपयोग झाला हे सर्वविदित आहे. बंडवाल्यांनीही तिचे महत्त्व ओळखून ती जागोजाग तोडली. सरकारच्या खालोखाल तिचा लाभ घेतला तो कापूस आणि अफू यांच्या व्यापाऱ्यांनी.

आता वऱ्हाडात जाऊ, कारण आजच्या विषयाचे मर्म आम्हांस खामगावात सापडते.

वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. तेथील काळ्या जमिनीत कापूस चांगला पिकतो ही गोष्ट मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना ठाऊक होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस बंद पडला आणि मुंबईच्या बाजारात भाव भडकले. मुंबईत त्या चार-पाच वर्षांत ज्या कंपन्या निघाल्या आणि बुडाल्या, त्यांची कथा रोचक आहे, पण ती आज नको. युद्ध संपले, भाव कोसळले. तथापि वऱ्हाडावरची नजर हटली नाही. सरकारने कापसासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला. त्या जागेवर असलेल्या रिव्हेट-कारनॅकच्या अहवालांत रस्ते, रेल्वे आणि बाजारपेठा यांचाच ध्यास दिसतो. नागपूरकडे जाणारी मुख्य रेल्वे खामगावापासून आठ मैलांवरून, जलंबवरून जात होती. तेथून खामगावापर्यंत फाटा काढण्यात आला, आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्‌घाटनास आला. व्हाइसरॉयने आठ मैलांच्या फाट्यासाठी वऱ्हाडात यावे, यावरून त्या कापसाची किंमत कळते.

रेल्वेबरोबर तार आली. त्याच वर्षी 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतार टाकली आणि मुंबई लंडनशी पाण्याखालून जोडली गेली. सुएझचा कालवा आदल्याच वर्षी खुला झाला होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या मात्र, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी करावी आणि सुमारे सहा आठवड्यांत वऱ्हाडचा कापूस मर्सी नदीच्या धक्क्यावर उतरावा, अशी स्थिती झाली. व्होल्कार्टसारख्या युरोपीय पेढ्यांनी खामगावात ठाण मांडले, गाठी दाबण्याचे कारखाने काढले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर खामगाव हे जगाशी 'जोडलेले' गाव झाले. आणि एकोणिसाव्या शतकातील जोडणी याहून पुरी असू शकत नव्हती.

आर्थिक वाढ झाली काय? झाली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बाजार वाढला, गाठी वाढल्या, सरकारचा महसूल वाढला, मुंबई-खामगावचे दलाल वाढले. पण कापूस पिकविणाऱ्या कुणब्याचे काय? लिव्हरपूलचा भाव खामगावच्या तारघरात सकाळी येई तो इंग्रजीत. तो व्यापाऱ्याचा कारकून वाचीत असे. बैलगाडीतून कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला त्या कागदावर काय लिहिले आहे हे कळण्याचे साधन नव्हते. आणि समजा कळले असते, तरी त्याचा उपयोग काय होता? त्याने बियाण्यासाठी, साऱ्यासाठी, लग्नकार्यासाठी सावकाराची उचल घेतलेली. पीक उभे असतानाच त्याचे दैव ठरून गेलेले. भाव चढला म्हणून तो दुसरीकडे विकू शकत नव्हता, उतरला म्हणून घरी ठेवू शकत नव्हता. ज्वारीखालची जमीन कापसाकडे वळत गेली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, रेल्वे आणि तार दोन्ही दाराशी असताना, वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. दुष्काळाला कारणे अनेक होती; त्याचे खापर तारेवर फोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तार आली म्हणजे समृद्धी तिच्या मागोमाग चालत येते, हा जो समज आहे त्याला खामगावचा दाखला आडवा येतो.

सामान्य माणसाशी तारेचा संबंध निराळ्याच तऱ्हेने जडला. 'तार आली' एवढे शब्द कानी पडताच घरातील बायका, ती उघडण्यापूर्वीच, डोळ्यांना पदर लावीत. गावात इंग्रजी जाणणारा मास्तर किंवा पोस्टमन शोधून आणावयाचा आणि मग कळावयाचे की मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ या देशात तारेची सेवा चालली आणि २०१३ च्या जुलैमध्ये ती बंद झाली. तिने खेड्यात मुख्यत्वे मृत्यूच्या वार्ता नेल्या, आणि बाजाराच्या वार्ता बाजारातच राहिल्या.

दूरध्वनीची कथा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे १८८२ साली दूरध्वनीची केंद्रे उघडली. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा एवढ्या मोठ्या देशात सुमारे ८० हजार दूरध्वनी होते, आणि पुढील तीन-चार दशके 'फोनसाठी नंबर लावणे' हा मध्यमवर्गीय संसाराचा एक संस्कारच होऊन बसला. या काळात एकच गोष्ट अशी घडली की तिच्यापाशी थांबावयास हवे. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिचे प्रवर्तक सॅम पित्रोदा. परदेशी केंद्रांना वातानुकूलित खोल्या लागत. आपल्या गावांत तर धूळ, उन्हाळा आणि लहरी वीज. या संस्थेने १२८ जोडण्यांचे असे लहान केंद्र बनविले की ते थंड खोलीशिवाय चालावे. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसविण्यात आले. त्याच सुमारास पिवळ्या पाट्यांची सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे निघाली. एसटीडी, आयएसडी, पीसीओ ही अक्षरे ज्यांनी वाचली नाहीत असा मनुष्य त्या पिढीत सापडणार नाही. रात्री दर उतरले की त्या काचेच्या खोक्यापुढे रांगा लागत. प्रत्येक संभाषणामागे दुकानदाराला वाटा मिळे. पुष्कळ ठिकाणी ही केंद्रे अपंग बांधवांना चालविण्यास दिलेली होती. फोन प्रत्येकाच्या घरी नव्हता. पण प्रत्येकाला परवडेल अशा अंतरावर होता, आणि तो चालू ठेवण्यात एका माणसाची भाकरी गुंतलेली होती.

आता खामगावच्या उलट दाखला देतो. तो महाराष्ट्राबाहेरचा आहे, पण आपल्या कोकणच्या दर्यावर्दी लोकांस तो सहज उमगेल. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या उत्तर किनाऱ्यावर मोबाईल फोनचे मनोरे उभे राहिले. त्यापूर्वी तारली पकडून आणणारी होडी जवळच्या किनाऱ्याला लागे, आणि तेथे त्या दिवशी गिऱ्हाईक नसेल तर मासळी फेकून द्यावी लागे. पंधरा-वीस किलोमीटरांवरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर मात्र लोक रिकाम्या पाट्या घेऊन परतत. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच विचारू लागले की आज भाव कोठे आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने या बदलाचे बारकाईने मोजमाप करून २००७ साली ते प्रसिद्ध केले. मासळीची नासाडी जवळजवळ थांबली, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला, आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. दोन्ही बाजूंचा लाभ झाला, हे विशेष.

खामगावच्या कुणब्याला तारेने जे दिले नाही ते या कोळ्याला फोनने कसे दिले? फोन हे तारेहून चांगले यंत्र आहे म्हणून, असे उत्तर पुरेसे नाही. कोळी आपल्या भाषेत स्वतः बोलू शकत होता, हे एक. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे हे की सुकाणू त्याच्या हाती होते. वार्ता कळताच होडी दुसऱ्या बंदराला वळविण्याची त्याला मोकळीक होती. आमच्या समजुतीने सगळा भेद एवढ्यातच आहे, आणि गावोगाव ब्रॉडबँड नेण्याचे यशापयश आम्ही याच मापाने मोजू इच्छितो.

इंटरनेट आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९८ साली, ते खेड्यात नेण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे, जरी आज त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ठिकाण वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या काठी उभारलेला सहकारी साखर कारखाना, दूध संघ, बाजार, शाळा-महाविद्यालये यांचा पसारा श्रोत्यांस परिचित आहे. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक कृतिदलाच्या पुढाकाराने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी योजना आखण्यात आली. खर्चाचा निम्मा भाग केंद्राने, ४० टक्के राज्याने आणि १० टक्के वारणा समूहाने उचलावयाचा होता. गावोगाव संगणकाची केंद्रे उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण, रोजगार, सगळे काही त्या पडद्यावर मिळेल, असे स्वप्न होते.

प्रत्यक्षात त्या संगणकांवर शेतकरी काय पाहत? आपल्या उसाची नोंद, तोडणीची पाळी, काट्यावर भरलेले वजन, खताचा हिशेब. पूर्वी यासाठी कारखान्याच्या गट कार्यालयात खेपा घालाव्या लागत, चिटबॉयच्या मागे हिंडावे लागे. आता गावातच कागद मिळू लागला. जगाच्या ज्ञानभांडाराकडे मात्र फारसा कोणी फिरकला नाही. पुढे संगणक जुने झाले, वीज जाई, दुरुस्ती महाग पडे. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने प्रयोग करून असे दाखविले की संगणकावर होणारे हे सगळे काम साध्या मोबाईलवरच्या संदेशांनी अधिक सोयीने आणि अधिक स्वस्तात होते.

कित्येकांनी यावरून वारणेचा प्रयोग फसला असा निष्कर्ष काढला. आम्हांस तसे वाटत नाही. जेथे शेतकरी कारखान्याचा सभासद होता, जेथे वजनाचा आकडा त्याच्या पैशाचा आकडा होता आणि तो चुकला तर विचारण्याचा त्यास हक्क होता, तेवढ्यापुरते ते यंत्र त्याने वापरले, आणि नेमाने वापरले. उरलेले स्वप्न दिल्लीत पाहिलेले होते. वारणेच्या ऊसकऱ्याने ते पाहिलेले नव्हते.

आता चालू काळाकडे येतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्यास मंजुरी दिली. तालुक्याच्या ठिकाणापर्यंत तंतू बहुतेक ठिकाणी आधीच पोहोचला होता. तेथून पंचायतीपर्यंतचे अंतर तोडावयाचे होते. खर्च सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षे. पैसा यावयाचा होता तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावर बसविलेल्या आकारातून. शहरातल्या बोलण्यातून खेड्याच्या तारेची तरतूद व्हावी, असे हे धोरण होते, आणि ते न्याय्य होते. मुदत मात्र पाळली गेली नाही. २०१५ मध्ये योजनेला भारतनेट हे नाव मिळाले, पहिल्या लाख पंचायतींचा टप्पा २०१७ च्या डिसेंबरात पुरा झाला. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रासह काही राज्यांनी काम आपल्या अंगावर घेतले. आपल्याकडे ते महानेट म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, आणि गावे ४० हजारांवर. घाटमाथा, कोकणचा जांभा, मेळघाट आणि गडचिरोलीची जंगले यांतून काचेचा तंतू नेणे हे ओ'शॉनेसीच्या कामाहून सोपे नव्हे. देशभरात दोन लाखांहून अधिक पंचायती जोडल्या गेल्याचे सरकारी आकडे सांगतात, आणि एवढे काम झाले हे खरेच आहे.

परंतु तंतू पोहोचणे आणि तो चालू असणे यांत अंतर आहे. रस्ता रुंद करणारे यंत्र येते आणि तंतू तोडून जाते. पहिल्या बांधणीत तंतू एका ओळीने नेलेला असल्यामुळे मध्ये कोठे तुटला की पलीकडची सगळी गावे अंधारात. १८५७ साली बंडवाल्यांनी तार तोडल्यावर जे होत असे तेच. कित्येक पंचायतींत उपकरणाची पेटी कुलूपबंद कपाटात, वीजबिल थकल्याने बंद. गावकऱ्याला मात्र या पेटीवाचून अडते आहे असे दिसत नाही, कारण २०१६ नंतर मोबाईलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याने आपले बरेवाईट त्यावर भागवून घेतले. ज्या दरीखोऱ्यांत मोबाईलही लागत नाही तेथील हाल २०२० च्या टाळेबंदीत दिसले. मुले वर्गासाठी टेकडीवर चढून बसत.

आणि आज प्रश्न केवळ बाजारभावाचा उरलेला नाही. सातबारा संगणकावर गेला. २०२१ पासून शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाईलने पिकाचे छायाचित्र काढून स्वतःची पीक पाहणी नोंदवावी, अशी पद्धत राज्यभर आली. तलाठ्याच्या चावडीतून ही नोंद शेतकऱ्याच्या हाती आली, हे आम्हांस मनापासून आवडते. एका अर्थी हे सुकाणू हाती येणेच होय. पण ज्या शिवारात जाळे मिळत नाही, किंवा ज्या म्हाताऱ्या खातेदाराच्या हाती तसा फोन नाही, तेथे हक्काची नोंदच अडते, आणि तिच्याबरोबर विमा व मदत अडण्याचे भय असते. मग तो गावातल्या कोणा पोराला गाठतो, जसा त्याचा पणजोबा इंग्रजी तार वाचण्यासाठी मास्तराला गाठीत असे. तंतूचा हा शेवटचा तुकडा आता सोयीचा राहिला नसून नागरिकत्वाच्या व्यवहाराचा झाला आहे. म्हणून आम्ही त्याबाबत एवढे आग्रहाने बोलत आहोत.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने भारतनेटची सुधारित योजना मंजूर केली. खर्च सुमारे १ लाख ३९ हजार कोटी. तीत दोन गोष्टी मागल्या चुकांवरून शिकल्यासारख्या दिसतात. एक, तंतू ओळीने न नेता कड्याच्या आकाराने न्यावयाचा, म्हणजे एका बाजूने तुटला तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहील. आणि देखभालीची जबाबदारी दहा वर्षांची. दुसरी, पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी गावातल्याच एखाद्या उद्योजकाकडे द्यावयाची आणि मिळकतीत त्याला वाटा द्यावयाचा. ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते. आम्हांस तीत पिवळ्या पाटीखालचा तो दुकानदार ओळखू येतो. त्याचा फोन बंद पडला की दिवस मावळण्याच्या आत तो लाइनमनला सायकलच्या मागे बसवून घेऊन येत असे. कुलूपबंद कपाटातल्या पेटीसाठी असे धावणारे कोणी नव्हते.

किती हजार किलोमीटर तंतू पुरला, हा आकडा दरसाल प्रसिद्ध होतो. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना असावा, अशी आमची सूचना आहे: किती गावांत असा माणूस बसला आहे, आणि मागल्या वर्षीचा तो यंदाही टिकून आहे काय. तो तक्ता छापला गेला तर आम्ही खामगाव तालुक्याची ओळ आधी पाहू.